पाकशास्त्राच्या पोथ्या आणि विदर्भाची चूल

मराठी राजघराण्याचा स्वयंपाक कागदावर पाहायचा तर नागपूरकराला थेट कावेरीकाठी जावे लागते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे 49,000 हस्तलिखिते आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) त्यांत मोलाची भर घातली. 1820 साली काशीयात्रेला निघाले तेव्हाही ते वाटेत ग्रंथ जमवत गेले. त्यांच्याच नावाचे ‘शरभेंद्रपाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित तिथे आहे. ब्राह्मणी शाकाहारी पदार्थ, मराठ्यांचे मांसाहारी पदार्थ आणि चक्क इंग्रजी पदार्थ त्यात एकत्र नांदतात. ज्या राजाने इंग्रजी डॉक्टरांकडून वैद्यक समजून घेतले, त्याच्या मुदपाकखान्यातही परक्या जिनसांना मज्जाव नव्हता.

याच भोसले दरबाराशी निगडित ‘भोजनकुतूहल’ त्याहून सुमारे शंभर वर्षे तरी जुने. कर्ते रघुनाथ गणेश नवहस्त. तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई ही त्यांची आश्रयदाती. ग्रंथ संस्कृतात आहे, पण धान्ये, भाज्या, पक्वान्ने यांची गुणचर्चा करताना देशी नावे येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी 1940च्या दशकात या ग्रंथाचा काळ साधारण 1675 ते 1700 असा ठरवला आणि त्यातल्या कृतीच्या आधारे जिलबीचा इतिहास मांडला. एका पोथीने केवढे काम करावे!

छापील पुस्तकांची गोष्ट वेगळी. 1867च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची नोंद आणि प्रत सरकारजमा होऊ लागली. त्यानंतर आठच वर्षांनी, 1875 साली, पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. 1910मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहून मुंबईच्या स्वयंपाकघराचे दार उघडले.

ही पुस्तके आज करून पाहणाऱ्याला पहिला अडसर येतो तो मापांचा. मुंबईचा जुना शेर सुमारे 28 तोळ्यांचा, तर सरकारी शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे 933 ग्रॅम. पीठ, तूप, साखर सगळेच शेरांत असेल तर प्रमाण बिघडत नाही. पण ‘शेराला दहा वेलदोडे’ आले की कोणता शेर, हे ठाऊक हवेच; नाहीतर स्वाद तिपटीने दाटेल किंवा फिका पडेल. दशमान वजने 1958पासून टप्प्याटप्प्याने आली. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचे माप घरोघर रुळवले, तेव्हा नवख्या सुनेच्याही जिवात जीव आला.

मात्र या पुणे-मुंबईच्या वाटेवर विदर्भाची चूल मागे राहिली. वडाभात, गोळाभात, पाटवडी-रस्सा, सांबारवडी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे हे सगळे हातातून हातात गेले. हलबा-कोष्टी घरांतला सावजी मसाला तर पिढ्यान् पिढ्या घराबाहेर पडला नाही. म्हणून वऱ्हाड-नागपूरचे जुने अन्न शोधणाऱ्याने केवळ पाकपुस्तकांवर विसंबू नये. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या उपहाराच्या हकिकती तेराव्या शतकातल्या खाण्यापिण्याचा मागमूस देतात. हे वाङ्मय शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत, मठांच्या आत राहिले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते पोथी पोथी ताडून पाहत बसले, म्हणून 1978 साली ‘लीळाचरित्र’ एकसंध छापून आले.

तसाच हात आता स्वयंपाकाच्या वह्यांना लागायला हवा. लेकीला सासरी जाताना आईने लिहून दिलेली, हळदीच्या बोटांनी डागाळलेली वही रद्दीत जाते, याचे मला मनापासून दुःख होते. सरफोजींच्या पोथीइतकाच तिचाही ग्रंथालयाच्या कपाटावर हक्क आहे. ती दाखल करून घेताना नुसते शीर्षक लिहून भागणार नाही. घर कोणत्या गावचे, लिहिणारीचे माहेर कुठले, तेल जवसाचे की शेंगदाण्याचे, शेर किती तोळ्यांचा, चूल लाकडाची की कोळशाची, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून पहिल्याच पानाशी जोडून ठेवावे, आणि ती सांगत असताना तिचा आवाजही ध्वनिमुद्रित करावा.