पावसामागे धावणारा चतुर

मुलांनो, आज तुम्हाला एक कोडं घालतो. उत्तर लगेच सांगणार नाही. ज्यांनी ते सोडवलं, त्यांनाही बरीच वर्षं लागली.

भारताच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येला, हिंदी महासागरात मालदीव नावाचा देश आहे. प्रवाळांनी बांधलेली सुमारे १२०० चिमुकली बेटं, एवढाच तो देश. तिथे डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही. पाऊस भरपूर पडतो, पण वाळूत आणि प्रवाळाच्या चुऱ्यात जिरून जातो. गोड्या पाण्याचं तळं शोधायला गेलात तर जवळपास मिळतच नाही. आणि तरीही दर वर्षी ऑक्टोबर आला की तिथल्या आकाशात चतुरांची झुंबड उडते. शेकड्यांनी नाही, लाखांनी.

तुम्ही म्हणाल, यात कोडं कसलं? सांगतो. चतुराचं सगळं बालपण पाण्यात जातं, तेही गोड्या पाण्यात. तळं नाही तर चतुर नाही, असा हिशोब. मग ज्या देशात तळंच नाही, तिथे इतके चतुर जन्मले कुठे? तिथे जन्मले नसतील तर आले कुठून? सगळ्यात जवळची मोठी जमीन, म्हणजे आपला भारत, तीसुद्धा समुद्रापलीकडे शेकडो किलोमीटरवर!

आधी हा पाहुणा कोण ते नीट बघू. गणपती-नवरात्राच्या दिवसांत, पावसाने उघडीप दिली की माळावर, मैदानावर, भातखाचरांवर पिवळसर-केशरी चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालताना दिसतात. तुमच्यातले काही त्यांना 'हेलिकॉप्टर' म्हणतात. बहुतेक वेळा हा तोच. इंग्रजीत त्याला ग्लोब स्किमर म्हणतात, शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. अंग साधारण साडेचार-पाच सेंटिमीटर लांब आणि वजन ग्रॅमच्या जेमतेम एक तृतीयांश. इतर चतुर काठीच्या टोकावर, कुंपणाच्या तारेवर आडवे बसलेले दिसतात. हा सहसा बसतच नाही. बसलाच तर एखाद्या काडीला उभा लोंबकळतो. एकदा जवळून त्याचे पंख बघा. मागचे पंख बुडाशी चांगले रुंद असतात. ही रुंदी लक्षात ठेवा, गोष्टीत पुढे कामाला येणार आहे.

आणि त्याची आई अंडी कुठे घालते, तेही तुम्ही पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. ऊन पडलेलं असताना धुऊन पुसून चकचकीत केलेल्या मोटारीवर एखादा चतुर पुन्हा पुन्हा येतो आणि शेपटीचं टोक पत्र्यावर टक टक टेकवतो. तो खेळत नसतो. बहुधा ती मादी असते आणि ती अंडी घालत असते! पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाचं एका विशिष्ट दिशेने ध्रुवीकरण झालेलं असतं. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, चतुराच्या डोळ्यांना कळतं आणि त्यावरूनच तो पाणी ओळखतो. गडद रंगाच्या चकचकीत पत्र्यावरून प्रकाश तसाच परततो, आणि बिचारी फसते. ती अंडी उन्हात वाळून जातात.

खऱ्या पाण्यात पडलेल्या अंड्यांतून मात्र अळी निघते. दिसायला ओबडधोबड, मातकट आणि शिकारीत पटाईत. तिचा खालचा ओठ लांब असतो आणि घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे येतो, टोकाच्या आकड्यांत भक्ष्य पकडतो आणि मागे जातो. तिचे कल्लेही कुठे, तर शरीराच्या मागच्या टोकाशी, आतड्याच्या आत. पाणी मागून आत घ्यायचं, त्यातला प्राणवायू शोषायचा. आणि संकट आलंच तर तेच पाणी जोरात मागे फेकायचं, की अळी सुर्रकन पुढे! माणसाने जेट विमान बनवलं त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे चाललेलं आहे.

बऱ्याच जातींच्या चतुरांच्या अळ्या वर्षभर, काही तर त्याहूनही जास्त काळ पाण्यात काढतात. आपल्या या पाहुण्याला तेवढी सवड नाही. ऊबदार पाणी मिळालं तर सहा-सात आठवड्यांत त्याची अळी मोठी होते. मग एका रात्री ती गवताच्या काडीवर चढते, पाठीवरची कातडी उकलते आणि आतून ओला, मऊ चतुर बाहेर येतो. चुरगळलेले पंख हळूहळू ताठ होतात. सकाळी काडीला उरते ती नुसती पोकळ कात.

एवढी घाई का? कारण तो अंडी घालतो पावसाच्या डबक्यांत. तळ्यात मासे असतात, अळ्या खाऊन टाकतात. चार महिन्यांपुरत्या साचलेल्या डबक्यात मासे नसतात. पण डबकं आटणार हे ठरलेलं. म्हणून आटायच्या आत मोठं व्हायचं आणि उडून जायचं. पण जायचं कुठे? जिथे आता नवा पाऊस पडतोय तिथे. या किड्याचं सारं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरतं.

आता परत मालदीवला जाऊ. चार्ल्स अँडरसन नावाचे एक ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ १९८३ पासून तिथे राहत होते. त्यांचं काम माशांचं, चतुरांचं नव्हे. पण दर ऑक्टोबरला हे थवे बघून त्यांना प्रश्न पडला. तिथल्या लोकांना चतुर येतात हे ठाऊकच होतं, त्यात त्यांना नवल वाटत नव्हतं. अँडरसन यांना वाटलं. १९९६ पासून त्यांनी राजधानी मालेमध्ये चतुर पहिल्यांदा कधी दिसले याच्या तारखा टिपायला सुरुवात केली. दुसऱ्या बेटांवरच्या लोकांना विचारलं, समुद्रावरच्या बोटींतून माहिती घेतली, दक्षिण भारतातल्या नोंदी मिळवल्या. महागडी यंत्रं नाहीत, प्रयोगशाळा नाही. वही, तारीख आणि चिकाटी.

वर्षं सरली तसं चित्र दिसू लागलं. चतुर आधी दक्षिण भारतात दिसत, मग मालेला, मग आणखी दक्षिणेच्या बेटांवर. मालेला ते सरासरी २१ ऑक्टोबरच्या सुमारास पोहोचत. पुढे नोव्हेंबरात सेशेल्स बेटांवर, डिसेंबरात त्याहूनही पलीकडे अल्डाब्रावर. म्हणजे सगळे एकाच दिशेने चालले होते, भारताकडून आफ्रिकेकडे!

पण इथे गाडी अडली. ऑक्टोबरात मालदीवच्या समुद्रावर वारा वाहतो पश्चिमेकडून. आणि चतुर तर येत होते ईशान्येकडून. तीनशे मिलिग्रॅमचा जीव समोरच्या वाऱ्याशी झुंजत शेकडो किलोमीटर समुद्र ओलांडेल? शक्यच नाही.

उत्तर डोक्यावर होतं, हजार मीटरच्याही वर. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे वारे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे ढगांचा आणि पावसाचा एक लांबलचक पट्टा तयार होतो. उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो, तेव्हा आपल्याकडे पावसाळा. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे परत निघतो. त्याच्या मागे, उंचावर, ईशान्येचा वारा सुरू झालेला असतो; खाली समुद्रावर मात्र अजून पश्चिमेचाच वारा असतो. चतुर त्या वरच्या वाऱ्यात शिरतात. आता ते रुंद पंख आठवा. पंख सारखे मारत राहिला तर अंगातली चरबी बघता बघता संपेल. पण पंख पसरून तरंगत राहिला तर वाराच त्याला नेतो. उंचीचं त्याला भय नाही. हिमालयात ६२०० मीटरवरही या जातीचा चतुर आढळला आहे.

आणि हा वारा नेतो कुठे? थेट पावसात! तो पट्टा जिथे जाईल तिथे पाऊस, आणि पाऊस तिथे डबकी. पूर्व आफ्रिकेत नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस पडतो. तिथे अंडी घातली जातात. त्यांतून निघालेले चतुर पावसामागे आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात. त्यांची पिलं मार्च-एप्रिलच्या पावसाला परत पूर्व आफ्रिकेत येतात. आणि मग सुरू होतो आपला नैर्ऋत्य मोसमी वारा, सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून भारताकडे. त्यावर स्वार होऊन पुढची पिढी पावसाबरोबर आपल्याकडे येते.

म्हणजे ऑक्टोबरात इथून गेलेला चतुर परत येत नाही. येतात त्याच्या पणत्या-पणतू. खो-खोमध्ये कसं, एक गडी पळतो, खो देतो आणि बसतो, पुढचा उठून धावतो, तसं चार पिढ्यांचं हे धावणं आहे. फरक इतकाच, की इथे खो देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कधी भेटच होत नाही. वाट दाखवायला आई नाही, बाप नाही. तरी प्रत्येक पिढी आपल्या वाट्याचा टप्पा बरोबर पुरा करते. अँडरसन यांनी २००९ मध्ये हे सगळं मांडलं तेव्हा या फेरीचं अंतर धरलं १४,००० ते १८,००० किलोमीटर. तोवर कीटकांच्या स्थलांतरात नाव गाजत होतं ते उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचं. त्याची फेरी सुमारे ७,००० किलोमीटरची.

तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, "पण आजोबा, कुणी त्या चतुराबरोबर उडत गेलं होतं का? पुरावा काय?" शाबास! असंच विचारावं. इतक्या हलक्या जीवाच्या पाठीवर यंत्र बांधून महासागरापार पाठवता येत नाही. मग शास्त्रज्ञांनी पुरावा पंखांतच शोधला. पाण्यातला हायड्रोजन सगळीकडे सारखा नसतो. त्यात थोडा जड हायड्रोजन मिसळलेला असतो आणि त्याचं प्रमाण प्रदेशाप्रदेशाच्या पावसात वेगळं असतं. चतुराचे पंख तयार होतात तेव्हा त्याच्या जन्माच्या डबक्याची ही खूण त्यांत कायमची उमटते. मालदीवमध्ये मिळालेल्या चतुरांचे पंख तपासले, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते चतुर मालदीवचे नव्हतेच, दक्षिण भारताचेही नव्हते. त्यांचा जन्म उत्तर भारतात किंवा त्याहूनही उत्तरेला झालेला होता. प्रवास वाटला होता त्याहून लांबचा निघाला!

पुढे २०१६ मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या या चतुरांची जनुकं तपासली गेली. ती इतकी मिळतीजुळती निघाली, की जणू जगभरचे सगळे एकाच कुळातले. आणि २०२१ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या योहाना हेडलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडलं: अंगात चरबी किती, वारे कुठले, समुद्र किती रुंद. उत्तर आलं, ओलांडता येतो, पण अनुकूल वारा मिळाला तरच. ज्यांना तो मिळत नाही ते समुद्रात पडतात. सगळेच पोहोचतात असं समजू नका. लाखो निघतात म्हणून काही पोहोचतात.

या वाटेवर चतुर एकटे नसतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येणारा अमूर ससाणा, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, ऑक्टोबरात नागालँडला उतरतो. मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतो आणि न थांबता आफ्रिका गाठतो. तो उडते किडे खाणारा पक्षी. नेमक्या त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर चतुरांचे थवे असतात. समुद्रावरची त्याची शिदोरी हे चतुरच असावेत, असं अँडरसन यांनी सुचवलं. म्हणजे बघा, पावसाच्या डबक्यातून डासाच्या अळ्या खाऊन मोठा झालेला किडा, तो खाऊन समुद्र ओलांडणारा ससाणा. डबकं बुजवलं, खाचरात भरमसाट विष फवारलं, तर त्याचा परिणाम कुठवर जाईल याचा विचार करा.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली, चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा नाही. तुम्हाला घटकाभर गंमत, पण त्याला जायचंय फार लांब.

दुसरी, एक वही करा. अँडरसन यांनी माले या एका शहरात बसून केलं, ते तुम्ही आपल्या गावात बसून करू शकता. मृगाच्या पावसानंतर पहिला पिवळा चतुर कधी दिसला? थवे कुठल्या महिन्यात सगळ्यात दाट होते? कुठल्या दिशेने सरकत होते? वारा कुठला होता? आणि ते कधी नाहीसे झाले? तारीख घालून लिहा, आणि दर वर्षी लिहा. कोकणातल्या मुलाने एक, मराठवाड्यातल्या मुलीने एक, विदर्भातल्या शाळेने एक अशा नोंदी ठेवल्या, तर महाराष्ट्रावरून हे थवे केव्हा आणि कसे जातात ते तुम्हीच सांगाल. एवढ्या मोठ्या कोड्याचा आपल्या वाट्याचा तुकडा आपल्याच अंगणावरून उडत जातोय, तो टिपायला येत्या जूनपासून लागा.