ठासणीची बंदूक : जुनी कोणती, नवी कोणती?

शनिशिंगणापूरची ख्याति घरांना दारें न लावण्याच्या प्रथेमुळें दूरवर पसरली आहे. त्या गांवाच्या भोंवतालीं, नेवासें तालुक्यांत, मुळेच्या कालव्यांवर भिजणारी उसाची शेती आहे, आणि उसाच्या फडालाही दार नसतें. गांवांतील उघड्या घरास शनिदेवाच्या धाकाचें कुलूप आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. फडांत रात्रीं शिरणारें रानडुक्कर मात्र असा धाक मानीत नाहीं. अशा शेतकऱ्यासाठीं भारतीय कायद्यानें जें शस्त्र मुद्दाम नांव घेऊन सांगितलें आहे, तें म्हणजे ठासणीची बंदूक.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचें तेरावें कलम असें सांगतें कीं, पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं कोणी नागरिक ठासणीची बंदूक मागेल, तर चौकशीअंतीं त्यास परवाना द्यावा. ही बंदूक त्या कामास पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभा त्याच कलमांत पुढें ठेविली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें या बंदुकीचा मुख्य गुण तिचा दुबळेपणा हाच होय! शस्त्राची अशी शिफारस क्वचितच कोणी केली असेल.

हा दुबळेपणा तिच्या भरण्याच्या रीतींत आहे. काडतुसाची बंदूक मागून उघडते. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरावी लागते. आधीं मोजून दारू ओतावयाची, तीवर बोळा घालून गजानें ठासावयाचा, मग गोळी किंवा छर्रे, आणि छर्रे असल्यास ते घरंगळूं नयेत म्हणून पुन्हां बोळा. इतका खटाटोप करावा तेव्हां एक बार तयार होतो. सराईत हातासही दुसऱ्या बाराला अर्धें मिनिट सहज लागतें, आणि तेवढ्या वेळांत जनावर दोन शेतें ओलांडून जातें. नगर जिल्ह्यास ही रीत परकी नाहीं. विजापुरांत आज दिसणारी मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ सालीं अहमदनगरासच ओतली गेली, आणि तीही तोंडाकडूनच भरावयाची होती.

ठासलेला बार पेटवावयाचा कसा, हा या शस्त्रांतला खरा प्रश्न. तोड्याच्या बंदुकींत सुताची धुमसती वात रंजकेस लागे. पावसांत ती विझे, आणि अंधारांत तिचा लाल ठिपका शिकाऱ्याचा ठावठिकाणा सांगे. पुढें चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या तोंडांत गार धरलेली असते. ती पोलादावर आपटली कीं ठिणगी रंजकेवर पडते, आणि कानाच्या छिद्रांतून विस्तव आंत जातो. निदान जावा अशी अपेक्षा असते. रंजक उडाली आणि बार तसाच राहिला, हा प्रकार चकमक वापरणाऱ्यास नवा नाहीं. गेलाच तरी चाप ओढणें आणि गोळी सुटणें यांत किंचित् अंतर पडतें, तेवढा वेळ नेम ढळूं न देणें यांत सगळें कसब असतें.

हें अंतर एका स्कॉटिश पाद्र्यास सोसवेना. बेलहेल्वी गांवचे अलेक्झांडर फोर्साइथ हे पक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन होते. रंजकेचा भपका दिसतांच पक्षी सावध होतात हें पाहून त्यांनीं आघातानें पेटणाऱ्या द्रव्याची युक्ति काढली आणि १८०७ सालीं तिचा एकाधिकार मिळविला. तांब्याच्या टोपीची बंदूक ही त्याच युक्तीची पुढची पायरी. आज जिला ‘परंपरागत’ म्हणतात ती टोपीची बंदूक एका शिकाऱ्याच्या अधीरतेंतून जन्मली, ही गोष्ट पुढील वादांत विसरतां कामा नये.

तो वाद अमेरिकेंतला आहे. तेथें हरणांच्या शिकारीस वर्षांतील ठराविक दिवस मोकळे असतात, आणि रायफलवाल्यांच्या दिवसांखेरीज ठासणीची बंदूक वापरणारांस अनेक राज्यांनीं निराळे दिवस तोडून दिले. कल्पना सरळ होती. एकच बार, आंखूड पल्ला, भरपूर धूर; अशा शिकाऱ्यास जनावराच्या पुष्कळ जवळ जावें लागेल, जनावरें थोडीं मरतील, आणि म्हणून त्यास अधिक दिवस देण्यास हरकत नाहीं. पेनसिल्व्हेनिया राज्यानें १९७४ पासून असा हंगाम सुरू केला आणि त्यासाठीं चकमकीचीच बंदूक हवी अशी अट घातली. नाताळानंतरच्या बर्फांत आजही तेथें गार आणि पोलाद घेऊन माणसें रानांत जातात.

१९८५ सालीं मिसूरी राज्यांतील टोनी नाइट या बंदूककारानें एक नवी ठासणीची बंदूक बाजारांत आणली. तिच्यांत टोपी बाजूस नसून दारूच्या थेट पाठीशीं, नळीच्या सरळ रेषेंत असते. ठिणगीस वळण घ्यावें लागत नाहीं. या जातीच्या बंदुकींत मागाहून एकेक सुधारणा होत गेली. काडतुसाला लागते तशी जोरकस टोपी आली, मोजून ओतण्याच्या दारूऐवजीं तिच्या तयार वड्या आल्या, प्लास्टिकच्या वेष्टणांतली टोंकदार गोळी आली आणि वर दुर्बीणही बसली. जुन्या गोल गोळीनें शंभर यार्डांपलीकडे शहाणा शिकारी बार टाकीत नाहीं. नवी बंदूक दोनशे यार्डांवर भरंवशानें लागते. २०२० सालीं तर दारूची बंद कुपी मागून सारावयाची आणि गोळी तेवढी तोंडाकडून ठासावयाची, अशी बंदूक निघाली. हिला ठासणीची म्हणावें कीं अर्धी काडतुसाची, याचा निकाल वेगवेगळ्या राज्यांनीं वेगवेगळा दिला. कोलोरॅडोनें या हंगामांत दुर्बीण, दारूच्या वड्या आणि प्लास्टिकचें वेष्टण यांस मनाई केली. दुसऱ्या कित्येक राज्यांनीं सारें कांहीं चालूं दिलें.

नव्या बंदुकीच्या बाजूनें एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. ज्या शस्त्राचा बार भिजतो, उशिरां सुटतो किंवा पल्ल्याबाहेर पोंचतां पोंचतां मंदावतो, तें जनावर मारण्याऐवजीं जायबंदी करतें, आणि लंगडत झाडींत गेलेलें हरीण कोणत्याच हिशेबांत येत नाहीं. जुन्याचे अभिमानी यावर म्हणतात कीं, तो दोष बंदुकीचा नसून लांबून बार टाकणाराचा आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु जादा दिवस मागतांना नव्या पक्षाची बाजू लंगडी पडते. ती सवलत नळीच्या तोंडाला दिलेली नव्हती. ती मंदपणाला दिलेली होती. मंदपणा टाकून देऊन सवलत तेवढी ठेवणें हें भाड्याची जागा सोडूनही किल्ली खिशांत ठेवण्यासारखें आहे.

महाराष्ट्रांत असा हंगामच उरलेला नाहीं. १९१२ च्या कायद्यानें पशुपक्ष्यांच्या शिकारीस बंद मोसम ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचे परवाने कडक अटींवर चालूं ठेवले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें तेही गेले. त्यामुळें ठासणीच्या बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नव्हे, ही गोष्ट शेतकऱ्यास पक्की ठाऊक असावी लागते. बंदूक बाळगण्याचा कागद एका खात्याचा. उपद्रवी जनावर मारण्याचा लेखी हुकूम वनखात्याचा, आणि तोही कारणें नमूद करून दिलेला. रानडुकराविषयीं असा हुकूम निघूं शकतो. काळविटाचें तसें नाहीं. याच जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० पासून काळविटांचें अभयारण्य आहे. तें जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचें, म्हणून कळप शेजारच्या ज्वारींत उतरतात. पण काळवीट पहिल्या अनुसूचींतला प्राणी. केवळ पीक खाल्लें म्हणून त्याच्यावर बार टाकण्याचा हुकूम कोणासही देतां येत नाहीं. भरपाईसाठीं अर्ज करावयाचा आणि पुन्हां राखणीस बसावयाचें, एवढेंच त्या शेतकऱ्याच्या हातीं उरतें.

तेराव्या कलमाचा शब्द तेवढा पूर्वीचाच आहे. तोडा, चकमक कीं टोपी याची विचारणा तें कलम करीत नाहीं. अक्षरशः वाचल्यास दुर्बीण बसविलेली अमेरिकन बंदूकही त्या शब्दांत मावेल. तशी बंदूक उसाच्या बांधावर येण्याचा संभव थोडा, कारण तेथें काम बहुधा वायबारानेंच भागवावें लागतें. दारू ठासावयाची, गोळी घालावयाचीच नाहीं आणि आभाळाकडे तोंड करून बार काढावयाचा. या कामीं चकमक आणि दुर्बीण यांची किंमत सारखीच. उलट जुन्या काळ्या दारूचा आवाज भरदार, आणि तिची राख नळींत चिकटून राहते, म्हणून सकाळीं गरम पाण्यानें नळी धुण्याचें काम वाढतें. डुकरें पहिल्या रात्रीं पळतात, दुसऱ्या रात्रीं थबकतात, आणि आवाजामागें कांहीं येत नाहीं हें त्यांना उमगलें कीं राखणदारास डबा, फटाके किंवा नवें बुजगावणें शोधावें लागतें.