अमेरिकेत बहुतेक आरोपी खटला न लढताच गुन्हा का कबूल करतात?

हॉलिवूडच्या सिनेमात अमेरिकेचं कोर्ट म्हणजे बारा जणांची ज्युरी, वकिलांची जुगलबंदी आणि शेवटी श्वास रोखून ऐकायचा निकाल. प्रत्यक्षात असे खटले फार थोडे चालतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नोंदवलं की, केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के लोकांनी गुन्हा कबूल केलेला असतो.

याला म्हणतात ‘प्ली बार्गेनिंग’. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, बदल्यात सरकारी वकील आरोप सौम्य करतो किंवा कमी शिक्षेची शिफारस करतो. न्यायाधीशाची मंजुरी लागते, पण खरी घासाघीस त्याआधीच उरकलेली असते.

आणि ही घासाघीस बरोबरीची नसते. केंटकी राज्यात एका माणसावर ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवल्याचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. नाहीतर सराईत गुन्हेगारांचा कायदा लावतो. त्याने नकार दिला. खटला चालला, आधीचे दोन गुन्हे मोजले गेले आणि जन्मठेप झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे वैध ठरवलं.

कागदावर आरोपीचे हक्क भक्कम आहेत. ज्युरीचा हक्क राज्यघटनेतच आहे. गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हे १९६३ साली ठरलं. पण अनेक ठिकाणी या वकिलांकडे प्रकरणांचा ढीग असतो. त्यात जामिनाचे पैसे नसले तर खटला उभा राहीपर्यंत तुरुंगातच राहावं लागतं. किरकोळ गुन्ह्यात ‘हो, मी केलं’ म्हटलं की कदाचित आजच घरी जाता येतं. मग निर्दोष माणूसही हो म्हणू शकतो. पुढे डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांमध्ये गुन्हा कबूल केलेले लोक सापडलेही आहेत.

भारतात ही पद्धत २००६ पासून आहे, पण मर्यादित. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे, तसंच स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत.