दिवसा दिवा कशासाठी?

आमच्या मांद्रे गावी सकाळी दुकान उघडून गल्ल्यापाशी बसले म्हणजे समोरच्या रस्त्यावरून जाणारीयेणारी वाहने सहजच नजरेखालून जातात. २०१७ सालच्या उन्हाळ्यानंतर या वाहनांत एक नवल दिसू लागले. भर दुपारी, डोक्यावर ऊन तळपत असता, नव्या कोऱ्या स्कूटरी आणि मोटारसायकली पुढचा दिवा तसाच पेटता ठेवून जाऊ लागल्या. बसची वाट पाहणारा असो वा वडाखाली उभा राहिलेला असो, जो तो परोपकारबुद्धीने हाताची बोटे उघडमीट करून “लाईट चालू राहिला” अशी खूण करी. आम्हीही गल्ल्यावरून अनेकांना ती केली. अखेर एका तरुण गिऱ्हाइकाने हसून सांगितले, “शेट, हा दिवा बंद होतच नाही. त्याला बटणच नाही.” ते ऐकून आम्हीही हसलो आणि विजेची ही निष्कारण उधळपट्टी आहे, असा अभिप्राय देऊन मोकळे झालो.

तो अभिप्राय पुढे आम्हांस गिळावा लागला. आमच्याच दुकानाचा टेंपो म्हापशाहून माल घेऊन परत येत होता. दुपारचे तीन वाजले असतील. शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्याहून मांद्र्याकडे येताना पुढे एक बस रेंगाळत चालली होती. आमच्या चालकाने समोर पाहिले, रस्ता मोकळा दिसला, म्हणून त्याने टेंपो उजवीकडे काढला. त्याच क्षणी आंब्याच्या दाट सावलीतून एक जुनी काळी मोटारसायकल समोर आली. दोघांनीही गाडी वळवली, म्हणून प्राण वाचले. परंतु मोटारसायकलस्वार गटारात पडला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. तो माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली होता. विम्याचे पैसे त्यास मिळाले, आमच्याकडून होईल ते आम्हीही केले, पायही यथावकाश जुळला. पण तो मनुष्य पुन्हा माडावर चढला नाही.

आमचा चालक पुनःपुन्हा एकच वाक्य बोलत असे, “शेट, रस्ता रिकामाच होता हो, मला तो दिसलाच नाही.” प्रथम आम्हांस ती सबब वाटली. पुढे या विषयाची माहिती मिळवीत गेलो, तेव्हा कळून चुकले की तो खरेच बोलत होता. ती माहिती आमच्या सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाहनाच्या पुढच्या दिव्याची दोन कामे आहेत. रात्री तो आपणांस रस्ता दाखवतो; दिवसा तो रस्त्यावरील इतरांस आपणांस दाखवतो. आपण व्यापारी मंडळी हे तत्त्व नकळत पाळतच आलो आहोत. दुकानात दिवसाढवळ्या आपण दर्शनी भागात दिवा लावतो, तो काही आपणांस माल सापडावा म्हणून नव्हे. माल कोठे आहे हे आपणांस ठाऊकच असते. रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत तो भरावा म्हणून दिवा असतो. दिवसाच्या हेडलाईटचे गणित नेमके हेच आहे.

आता डोळ्याचा धर्म पाहू. समोरच्या वस्तूचा उजेड आणि तिच्या पाठीमागच्या पटाचा उजेड यांत फरक असेल तरच डोळा ती वस्तू चटकन निवडतो. फरक नसेल तर वस्तू डोळ्यांपुढे असूनही मनापर्यंत पोचत नाही. आमच्या पेडणे महालातील रस्ते या दृष्टीने मोठे फसवे आहेत. दोन्ही बाजूंस माड, आंबे, फणस व काजू. त्यामुळे रस्त्यावर ऊन आणि सावली यांचे पट्टे पडलेले असतात. प्रखर उन्हातून पाहणाऱ्या डोळ्याला सावलीतला भाग काळोखा वाटतो आणि त्या काळोख्या भागातील काळी मोटारसायकल त्यातच विरून जाते. तेथे एक लहानसा दिवा पेटलेला असेल तर तो सावलीतून सुईसारखा टोचून वर येतो.

अंतराचाही हिशेब मांडून पाहावा. समजा, पुढची बस ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि आपला टेंपो ताशी ६० किलोमीटर वेगाने तिला मागे टाकीत आहे. बसची लांबी आणि दोन्ही बाजूंचे सुरक्षित अंतर धरून आपणांस सुमारे ४० मीटरची आघाडी मिळवावी लागते. वेगांतील फरक ताशी २० किलोमीटरचा असल्यामुळे तीस ७ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात आपला टेंपो १२० मीटर पुढे जातो आणि समोरून तितक्याच वेगाने येणारी मोटारसायकलही १२० मीटर जवळ येते. म्हणजे निदान २४० मीटरांवर, सुमारे पाव किलोमीटरवर, ती आपल्या ध्यानात यावयास हवी. एवढ्या अंतरावरून स्वारासह मोटारसायकलची रुंदी किती दिसते? हात लांब करून बोटांत धरलेल्या तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी! सावलीतला हा काळा दाणा चालकाने एका दृष्टिक्षेपात टिपावा, अशी आपली अपेक्षा असते.

यात भर अशी की, अरुंद वस्तू डोळ्याला आहे त्याहून दूर आणि मंद भासते. ट्रक समोरून येत असेल तर त्याचा आकार भराभर वाढताना दिसतो. मोटारसायकलचा आकार शेवटच्या एकदोन सेकंदांपर्यंत फारसा वाढल्यासारखा वाटत नाही. म्हणून “वेळ आहे, निघून जाऊ” असा चुकीचा निर्णय मोटारसायकलच्याच बाबतीत अधिक वेळा होतो.

संध्याकाळची गोष्ट आणखी निराळी. आमचा किनारा पश्चिमेचा. मांद्रे, आश्वे, मोरजी या गावांत समुद्राच्या दिशेने जाणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर मावळतीचे ऊन येते. समोरून येणाऱ्याच्या पाठीमागे मात्र सूर्य असतो. त्यास सारे लख्ख दिसते आणि म्हणून आपणही तसेच दिसत असू अशी त्याची समजूत होते. वस्तुतः ज्यास सर्व दिसते तोच अशा वेळी कोणास दिसत नाही. त्याचा दिवा पेटता असेल तर निदान त्या झगमगाटात एक खूण उरते.

ही कल्पना आजची नव्हे. ज्या १९६१ साली गोवा मुक्त झाला, त्याच साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात दिवसा दिवे लावून वाहने चालवण्याची मोहीम निघाली होती. कायद्याने सक्ती करण्याचा मान उत्तर युरोपकडे जातो. तेथे हिवाळ्यात दिवसही अंधुकच असतो. फिनलंडने १९७२ साली गावाबाहेरील रस्त्यांवर हिवाळ्यापुरती सक्ती केली. स्वीडनने १९७७ साली ती बारमाही केली. पुढे नॉर्वे व डेन्मार्क हे देश आले. कॅनडाने १९९० पासून नव्या मोटारींना दिवसाचे दिवे आवश्यक केले आणि २०११ पासून युरोपीय संघाने नव्या बनावटीच्या मोटारींसाठी तोच नियम केला.

“तिकडे धुके आणि बर्फ, आमच्याकडे लखलखीत ऊन,” असा आक्षेप यावर साहजिक येतो. त्यास उत्तर मलेशियाने दिले आहे. हा देश आपल्याप्रमाणेच उष्ण, पावसाचा आणि दुचाक्यांनी गजबजलेला. तेथे १९९२ साली मोटारसायकलींना दिवसा दिवा लावण्याची सक्ती झाली. त्यानंतर अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा मोटारसायकल न दिसल्यामुळे घडणाऱ्या अपघातांत शेकडा २९ च्या आसपास घट आढळली.

आपल्या देशात केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना असा दिवा आवश्यक केला. यंत्र चालू झाले की दिवाही चालू, अशी ही योजना असून तो बंद करण्याचे बटणच ठेवलेले नाही. यामागील निकड आकड्यांवरून ध्यानी येईल. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ७५ हजार, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक, दुचाकीवरील होती. गोव्यात तर घरटी दुचाकी आहे. पिवळ्या मडगार्डाचे पायलट, दूधवाला, पाववाला, शाळामास्तर, आपल्या दुकानाचा नोकर आणि काळ्या पाटीची भाड्याची स्कूटर घेतलेला पाहुणा, हे सर्व दोन चाकांवरच फिरतात. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याच्या रस्त्यांवरील वर्दळ कितीतरी वाढली आहे, हे सांगण्याची गरज नाही.

मात्र वर सांगितलेल्या नियमात जुन्या दुचाक्या येत नाहीत आणि मोटारी, टेंपो व ट्रक यांनाही त्याने सक्ती केलेली नाही. पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी दिवे लावलेच पाहिजेत, असे मोटार वाहन नियम सांगतात. म्हणजे मृगाच्या सरींत दिवस काळवंडला की दिवा लावणे हे कर्तव्यच ठरते. लख्ख उन्हातील दिवा मात्र पुष्कळ वाहनांच्या बाबतीत आपल्या विवेकावर सोडलेला आहे.

या विषयाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऑस्ट्रियाने २००५ साली सर्व मोटारींना दिवसा दिव्यांची सक्ती केली आणि २००८ साली ती मागे घेतली. सर्वच वाहनांचे दिवे पेटले तर दुचाकीचा दिवा त्या गर्दीत वेगळा दिसणार नाही आणि ज्यांच्याजवळ दिवाच नाही ते पादचारी व सायकलस्वार अधिकच दुर्लक्षिले जातील, अशी शंका अनेकांनी घेतली आहे. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. रस्त्याच्या मध्यभागी रवंथ करीत बसलेली गुरे, शाळेला निघालेली मुले, पहाटे रस्त्याच्या कडेने पदविहार करणारे साधुसाध्वी, यांपैकी कोणाच्याही हाती दिवा नसतो. २०२२ साली देशात सुमारे ३३ हजार पादचारी वाहनांखाली सापडून गेले. म्हणून दिवा पेटला म्हणजे चालकाची जबाबदारी संपली, असे कोणी समजू नये. आपला दिवा दुसऱ्यास सावध करतो. आपण सावध राहणे हे आपल्याच डोळ्यांचे काम होय.

राहिला खर्चाचा प्रश्न. व्यापाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मोटारसायकलचा साधा दिवा साधारण ३५ वॅटचा असतो. मोटारीचे पुढचे दोन व मागचे मिळून दीडशे वॅटच्या घरात जातात. ही वीज इंजिनातूनच निघत असल्यामुळे इंधनाच्या शंभर रुपयांमागे फार तर एकदोन रुपये अधिक पडतात, आणि एलईडी दिवा असेल तर त्याहूनही बरेच कमी. शिवाय दिवे काही लवकर बदलावे लागतील. खर्चाची बाजू एवढीच. जमेच्या बाजूस काय लिहावे हे आम्ही त्या पाडेल्याच्या घरी जाऊन शिकलो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. दिवसा लावायचा दिवा नेहमी डिपरवर असावा. अप्परचा झोत समोरच्याचे डोळे दिपवतो आणि ज्या अपघातास आपण टाळू पाहतो तोच ओढवून आणतो. काचेवर चिखल वा धूळ साचली तर दिवा असून नसल्यासारखा होतो. म्हणून सकाळी गाडी काढताना, निदान पावसाळ्यात तरी, काच पुसण्याची सवय ठेवावी. नव्या दुचाकीचा दिवा बंद करण्यासाठी काही मंडळी गॅरेजमधून वेगळे बटण बसवून घेतात. हे कृत्य नियमाविरुद्ध तर आहेच, पण स्वतःच्याच जिवावर उदार होण्यासारखे आहे. आणि जुन्या गाडीला बटण आहे ते लावण्यासाठीही आहे, हे विसरू नये.

आमच्या दुकानापुरता आम्ही नियम करून टाकला आहे. टेंपो सुरू झाला की डिपर सुरू. माल पोचवणाऱ्या मुलांच्या दोन जुन्या मोटारसायकली आहेत, त्यांनाही हाच नियम. चालकाने प्रथम कुरकुर केली, कारण वाटेत प्रत्येकजण बोटे उघडमीट करून त्यास खूण करी. आता तो हसून मान हलवतो आणि पुढे जातो. आमच्या संघाच्या सभासदांची किती वाहने पेडणे, डिचोली, म्हापसा येथील रस्त्यांवर रोज धावतात, याचा विचार केला म्हणजे आपण सर्वांनी मनावर घेतल्यास किती मोठे काम होईल हे सहज कळेल. यास सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गणीही लागत नाही.

तो पाडेली आजही कधीमधी आमच्या दुकानावर येतो. आता तो नारळ सोलण्याचे काम करतो. मागल्या पावसाळ्यात सामान घेऊन जाताना त्याने दाराशी उभ्या असलेल्या टेंपोकडे पाहिले आणि चालकास म्हणाला, “लाईट चालू आसा मरे तुझी.” चालक म्हणाला, “आसूं दी.” दोघेही क्षणभर थांबले. मग तो लंगडत पायरी उतरला आणि रस्ता ओलांडण्यापूर्वी त्याने दोन्ही बाजूंस पाहून घेतले.