संस्थांचे जाळे आणि एक नोंदवही

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतरच्या दिवसांत उपनगरांतील अनेक मंडळांप्रमाणे आम्हीही घाटकोपरच्या सखल वस्त्यांत शिबिरे घेतली. एका रविवारी आमच्या शिबिरापासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या संस्थेचे शिबिर चालू होते. पलीकडच्या वस्तीत मात्र कोणीच फिरकले नव्हते. अधिक खेदाची गोष्ट पुढे कळली. ज्वराचा एक रुग्ण तीन दिवसांच्या अंतराने दोन्हीकडे येऊन गेला होता आणि दोन्हीकडे त्याला नवा रुग्ण समजून औषध दिले गेले. लेप्टोस्पायरोसिसचे ते दिवस. रुग्णालयात धाडण्यास विलंब झाला. सुदैवाने तो बचावला. नोंद दोन्ही वह्यांत होती, परंतु एका वहीला दुसरीची वार्ता नव्हती.

‘नेटवर्किंग’ हा शब्द सभासंमेलनांत वारंवार कानी पडतो. बहुधा त्याचा अर्थ व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण एवढाच उरतो (आमचे स्नेहसंमेलनही त्याला अपवाद नाही). त्याचा खरा अर्थ महाराष्ट्रातच पाहावयास मिळाला आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने राज्यातील 13 स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांतील जन्म व बालमृत्यू नोंदविले. ‘कोवळी पानगळ’ हे त्यांचे प्रतिवृत्त 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे 1 लाख 75 हजार बालके दगावतात, असा त्यांचा अंदाज होता. शासकीय नोंदींतील आकडा पुष्कळच कमी होता. जन्मानंतर काही तासांत गेलेले बालक मृतजन्मांत धरले की तो बालमृत्यू आकड्यांतून नाहीसा होतो. म्हणून सर्वांची व्याख्या एक हवी. एकट्या संस्थेने हे मांडले असते, तर ती त्या भागापुरती तक्रार ठरली असती. पुढे राज्य शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, जनपदोध्वंसाचे विवेचन आहे. प्रकृती भिन्न असूनही अनेकांना एकाच काळी एकच व्याधी होते, त्यामागे वायु, उदक, देश व काल यांची विकृती असते. ती एकाच चिकित्सालयात बसून कशी दिसावी?

आपले रुग्ण किंवा देणगीदार दुसरी संस्था ओढून नेईल, ही शंका काही सभासद व्यक्त करतात. देणगीदारांबाबत ती अगदीच निराधार नाही. तथापि रुग्णाची नोंद ही कोणाची मिळकत नव्हे.

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी आम्ही एवढेच सुचवितो : ज्वराच्या प्रत्येक रुग्णाजवळ ज्वराचा पहिला दिवस, दिलेले औषध व कोठे पाठविले यांची चिठ्ठी द्यावी. वहीत वस्तीचे नाव लिहावे. औषधी दुकानदारांचे साहाय्य येथे मोलाचे आहे, कारण एकाच गल्लीतून ज्वराच्या औषधांची मागणी वाढल्याचे प्रथम त्यांच्याच लक्षात येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथील सभासदांनी दर शनिवारी रुग्णांची नावे वगळून केवळ वस्तीनिहाय संख्या एकत्र करावी आणि शेजारच्या संस्थांनाही ती कळवावी. शिबिरांचे वार त्यावरून ठरवावेत.