भूर्जपत्र: पान नव्हे, साल

भूर्जपत्र म्हटले की एखादे रुंद पान डोळ्यांपुढे येते. ‘पत्र’ या शब्दाने इथे चकवले आहे. भूर्जपत्र ही भूर्ज नावाच्या झाडाची साल.

झाड कुठले?

सह्याद्रीत ते शोधू नका. हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, जिथे झाडांची हद्द संपत येते, तिथे भूर्ज वाढतो. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजबासा लागते. त्यातला ‘भोज’ म्हणजे भूर्जच. जळणासाठी इतकी तोड झाली की तिथे आता झाडांपेक्षा नावच ठळक उरले आहे.

भाऊबंद

भूर्जकुलात सहा प्रजाती मानतात. सगळ्यांची नरफुले शेपटासारख्या लोंबत्या कणसांत येतात आणि परागकण वारा वाहून नेतो. मधमाश्यांची मनधरणी नाही. चॉकलेटमधले हेझलनट याच घराण्यातले.

मला अधिक कौतुक याच कुलातल्या आल्डर या झाडाचे वाटते. त्याच्या मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. नागालँडच्या खोनोमा गावचे शेतकरी शेतातली ही झाडे मुळासकट काढत नाहीत, वरून छाटतात. बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात, आणि मधल्या जागेत पीक निघते.

सालीची करामत

भूर्जाची साल पांढरट, तांबूस झाकेची, आडव्या रेघांची. कांद्यासारखे तिचे पापुद्रे सुटतात. बेट्युलिन या द्रव्यामुळे तिला पांढरेपणा येतो. ती पाण्याला दाद देत नाही आणि सहजी कुजत नाही. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त विद्याधर स्त्रियांची प्रेमपत्रे याच सालीवर लिहवली आहेत.

काश्मिरी पंडितांची शाईही तोडीस तोड होती: बदामाच्या टरफलांचा कोळसा गोमूत्रात उकळून केलेली. पाणी लागले तरी अक्षर हलत नसे. वैरी एकच, कोरडेपणा. जुनी साल तडकते, थर सुटतात आणि थराबरोबर मजकूरही जातो.

पुण्यातला भूर्ज

शाईची ही कृती जर्मन संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर यांनी नोंदवली. मुंबई सरकारसाठी १८७५ मध्ये ते काश्मीरला हस्तलिखिते जमवायला गेले होते. तो संग्रह पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत आला. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्यांतले एकच भूर्जपत्रावर आहे, शारदा लिपीत. बाकी सगळी कागदावर.