सैनिकाचे पदक आणि त्याची नोंद

२००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरे धुऊन काढली, नवी भांडी घेतली, नवे कपडे शिवले. बाजारात पुन्हा विकत मिळत नाहीत ते मात्र कागद. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेले दाखले, खरेदीखते, जुनी पत्रे अशा पुरात गेली की गेलीच. माजी सैनिकाच्या घरी अशा पेटीत आणखी एक लहानसे पुस्तक असते. सैन्यातून मुक्त होताना त्याला ते मिळते आणि त्याला डिस्चार्ज बुक असे म्हणतात. भरतीची तारीख, हुद्दा, पलटण, सेवेचा काळ आणि मिळालेली पदके एवढे सारे त्यात लिहिलेले असते. त्यातील पदकांच्या रकान्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

सुरतेत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून कापडाच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांत पलटणीतून सुटून येथे पोटासाठी आलेलेही आहेत. अशा एका वृद्ध सैनिकाची आपण कल्पना करू. १९७१ च्या डिसेंबरात तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होता आणि पूर्व आघाडीवर जमालपूरच्या लढाईत लढला. पुढे त्याची बदली झाली, सेवा संपली, तो सुरतेला आला. एके दिवशी नातू पुस्तक चाळताना विचारतो, "आबा, तुम्ही जमालपूरला होतात ना? मग इथे पूर्वी स्टार का लिहिलेला नाही?" आबांजवळ उत्तर नसते. रकान्यात संग्राम मेडल आहे, परंतु पूर्वी स्टार नाही. सरकारचे म्हणणे खरे मानावे तर आबा त्या आघाडीवर नव्हतेच!

ही उणीव कशी राहते हे समजण्यासाठी पदकांचे दोन वर्ग ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला वर्ग सेवेच्या पदकांचा. अमुक काळात अमुक क्षेत्रात सेवा केली की हे पदक हक्काने मिळते. त्यासाठी वेगळा पराक्रम दाखवावा लागत नाही. १९६५ च्या युद्धातील समर सेवा स्टार, १९७१ च्या युद्धातील पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार ही प्रत्यक्ष रणक्षेत्रातील सेवेची पदके होत. संग्राम मेडल हे त्याहून विस्तृत प्रदेशातील सेवेसाठी होते. वर्षांवर मोजलेली दीर्घ सेवेची पदकेही याच वर्गात येतात. दुसरा वर्ग शौर्यपदकांचा. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, तसेच अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र व शौर्यासाठी दिले जाणारे सेना मेडल ही त्यांतील प्रमुख होत. यांस वरिष्ठांची शिफारस लागते, राष्ट्रपतींची मंजुरी लागते आणि नाव भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागते.

शौर्यपदकाच्या बाबतीतही कागदाचे महत्त्व केवढे असते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग व अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. त्या दिवशी परमवीर चक्र हे पदक अस्तित्वातच नव्हते. ते २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीस लागू करण्यात आले. त्यानंतरच राण्यांना ते मिळाले. मधल्या काळात तो पराक्रम शाबूत राहिला तो लेखी नोंदीच्या आधारावर.

आता नोंद कशी होते ते पाहू. सैनिकाच्या सेवेतील प्रत्येक घटना, मग ती बढती असो, विवाह असो वा पदक असो, पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या आदेशात प्रसिद्ध होते. तो आदेश अभिलेख कार्यालयात, म्हणजे सैनिकांच्या बोलीतील 'रेकॉर्ड ऑफिसा'त जातो आणि तेथे त्या सैनिकाच्या शीट रोलवर ती गोष्ट चढविली जाते. सेवा संपताना डिस्चार्ज बुक भरले जाते ते या कागदांवरून. साखळीतील एक कडी सुटली की पुढचे सारे उणे राहते. युद्ध चालू असता पलटण जागा बदलते. सैनिक जखमी होऊन इस्पितळात जातो. त्याची दुसऱ्या तुकडीत बदली होते आणि आदेश जुन्या तुकडीच्या नावे निघतो. पुष्कळ पदके युद्धानंतर काही काळाने वाटली जातात. तोवर माणूस घरी गेलेला असतो.

आपल्या नावांमुळेही घोटाळे होतात. मराठी नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे लिहितो. १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतील सेनिओ नदीकाठी पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नामदेव जाधव यांचेही आडनाव इंग्रजी पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलेले आढळते. एवढ्या प्रसिद्ध वीराची ही गत, तर सामान्य शिपायाची काय कथा! म्हणून नावापेक्षा सेवा-क्रमांक अधिक विश्वसनीय समजावा आणि प्रत्येक पत्रात तो प्रथम लिहावा.

दुरुस्तीची वाट तशी सरळ आहे. तिला चिकाटी मात्र लागते. सुरतेत जिल्हा सैनिक कल्याण व पुनर्वसन कार्यालय आहे. अर्ज तेथे दाखवून त्यांच्यामार्फत पाठविणे श्रेयस्कर. पाठवावयाचा तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, मुंबई सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि वायुदलाचे दिल्लीला आहे. अर्जात क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची व मुक्ततेची तारीख, युद्धाच्या वेळची पलटण व कंपनी आणि कोणते पदक नोंदविलेले नाही ते स्पष्ट लिहावे. डिस्चार्ज बुकाची प्रत जोडावी. पुस्तक पुरात वा अन्यथा हरवले असल्यास पोलिसांकडील नोंद व प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. आपल्या शीट रोलमध्ये काय आहे हे प्रथम पाहावयाचे असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याची प्रत मागता येते. सैनिक हयात नसल्यास त्याच्या पत्नीने किंवा वारसाने नात्याचा पुरावा जोडून अर्ज करावा.

पुरावा कशाला म्हणावे, हाही प्रश्न आहे. राजपत्रातील प्रसिद्धी, पार्ट टू ऑर्डर, पलटणीची नामावली हे उत्तम पुरावे. युद्धदैनंदिनीवरून पलटण कोठे होती ते कळते. एकेका शिपायाचे नाव तीत असेलच असे नाही. पदक हाती असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी, कारण तेथे बहुधा क्रमांक व नाव कोरलेले असते. नाव नसलेले पदक बाजारातही मिळते, हे अधिकाऱ्यांना ठाऊक असते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. पुस्तकात आपल्या हाताने किंवा एखाद्या जाणत्या शेजाऱ्याच्या हाताने एक अक्षरही भरू नये. हेतू कितीही शुद्ध असो, खाडाखोड झालेला कागद संशयास्पद ठरतो आणि त्यातील खऱ्या नोंदींवरही सावली पडते. दुरुस्ती कार्यालयाने करावयाची आणि तिच्याखाली अधिकाऱ्याची सही हवी.

दुसरी गोष्ट अशी की दुरुस्ती म्हणजे नव्या पदकाची मागणी नव्हे. जे मिळालेच होते अथवा नियमाने मिळावयास हवे होते, तेवढेच लिहून घेता येते. "मी शौर्य केले, मला आता वीर चक्र द्या," असा अर्ज अभिलेख कार्यालय मान्य करू शकत नाही. कार्यालयाने नकार दिला आणि तो अन्यायाचा वाटला, तर २००७ च्या कायद्याने निर्माण झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. गुजरातसाठी मुंबईचे खंडपीठ आहे. अंतिम आदेशानंतर साधारणतः सहा महिन्यांच्या आत तेथे गेले पाहिजे. हे न्यायाधिकरण युद्धाच्या कागदांनाही हात घालू शकते. कारगिल युद्धात बटालिक भागातील ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीचा अहवाल पक्षपाताने लिहिला गेला, असा निर्णय त्याने २०१० साली दिला आणि तो अहवाल रद्द ठरविला. तो वाद पदकाचा नव्हता. तथापि युद्धाविषयी एकदा लिहिलेला कागद अढळ नसतो, एवढे त्यावरून दिसले.

अमेरिकेत अशा दुरुस्त्यांसाठी १९४६ च्या कायद्यान्वये स्वतंत्र मंडळे निघाली. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा तेथील नियम आहे. परंतु न्यायासाठी ती मुदत शिथिल करता येते. १९७३ च्या जुलैत सेंट लुईस येथील अभिलेखागारास आग लागून सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. पुढे इतर कार्यालयांतील कागद जुळवून त्यांपैकी पुष्कळांच्या सेवेचा वृत्तांत पुन्हा उभा करावा लागला. तेथेच १९९७ साली, दुसऱ्या महायुद्धातील सात कृष्णवर्णीय सैनिकांना अर्धशतकानंतर सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. त्या सातांपैकी एकच जण तो दिवस पाहावयास हयात होता.

या शेवटच्या वाक्यातच आपल्याला घाई का करावयाची याचे उत्तर आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांचे सेवा-कागद २५ वर्षांनंतर नष्ट करावे असा आपल्या सैन्याचा नियम आहे. मग 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीतील मोजका मजकूर तेवढा उरतो. ज्या सोबत्याने "हा माझ्या शेजारच्या खंदकात होता" असे शपथेवर सांगावयाचे, तोही ऐंशीच्या घरात पोहोचलेला असतो.

एखादा विचारील, एवढ्या खटाटोपाने मिळणार काय? शौर्यपदकाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून केंद्र सरकारने परमवीर चक्राचा मासिक भत्ता २०,००० रुपये, वीर चक्राचा ७,००० रुपये आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलचा २,००० रुपये केला. सैनिकामागे तो त्याच्या पत्नीला मिळतो. नोंद चुकीची असेल तर त्या विधवेचा हक्क अडतो. पूर्वी स्टारला मात्र असा भत्ता नाही. आबांना त्यातून एक रुपयाही मिळावयाचा नाही. तरीही ते अर्ज करतात, आणि तो केलाच पाहिजे असे मी म्हणेन.

महाराष्ट्रात गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, वर स्वर्गारोहण, माथ्यावर चंद्रसूर्य. कोणी तरी गावासाठी लढून पडला एवढे तो दगड सांगतो; त्याचे नाव मात्र बहुतेक दगडांवर नाही. तेव्हा अक्षर थोड्यांना येत होते, म्हणून तो दोष कोणाला देता येत नाही. आज अक्षर आहे, कार्यालय आहे, टपाल आहे. आपल्या घरातल्या वृद्ध सैनिकाची पेटी या रविवारी उघडावी, त्याच्या शेजारी बसून पदकांचा रकाना वाचावा आणि काही उणे असेल तर ते त्याच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे. अर्ज मागाहून करता येईल. ते ऐकणे मात्र तो आहे तोवरच होईल.